डोळा जवळून पाहताना : कला, निदान आणि संमती

(अभ्यासलेख)

वार्षिक अहवालात जमाखर्चाची पत्रके, शस्त्रक्रियांची संख्या आणि देणगीदारांची नामावली यांच्या जोडीने एक अभ्यासलेख देण्याचा आपल्या रुग्णालयाचा प्रघात आहे. यंदाचा विषय नेत्र विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाबाहेर घडलेल्या एका प्रसंगातून पुढे आला. तो प्रसंग आमच्या प्रशासनास भूषणावह नव्हता. तरीही, किंबहुना म्हणूनच, तो येथे नमूद करीत आहोत.

छायाचित्रणाचा छंद असलेल्या एका हितचिंतकांनी आपल्या एका नेत्र शिबिरात काही रुग्णांच्या डोळ्यांची अगदी जवळून छायाचित्रे घेतली होती. त्यांपैकी सहा मोठी करून, चौकटीत बसवून त्यांनी रुग्णालयास भेट दिली व आम्ही ती प्रतीक्षा कक्षाच्या भिंतीवर लावली. हातभर रुंदीच्या त्या चित्रांत कोणाला आटलेल्या नदीचे पात्र दिसे, कोणाला झाडाची साल, तर कोणाला सूर्यफूल. ही माणसाच्या डोळ्यांची चित्रे आहेत, हे पुष्कळांना सांगावे लागे. काही आठवड्यांनी एक भगिनी आपल्या वृद्ध आईस फेरतपासणीसाठी घेऊन आल्या. आईंना तपासणीस आत नेले असता त्या भगिनी चित्रांपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या. नंतर आमच्या कार्यालयात येऊन म्हणाल्या, “साहेब, तिसरा फोटो माझ्या आईच्या डोळ्याचा आहे. बाहुलीच्या खाली तो काळा तीळ आहे ना, तो मी लहानपणापासून बघते आहे. आईला विचारलं होतं का तुम्ही?”

विचारलेले नव्हते. शिबिराच्या संमतिपत्रात उपचारासंबंधीच्या मजकुराखाली छायाचित्रांचा एका ओळीचा उल्लेख होता आणि त्याखाली आईंचा अंगठा होता. कागदोपत्री आमची बाजू पूर्ण होती; पण तो कागद पुढे करणे हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे, हे आम्हांस तेव्हाच जाणवले. चित्र त्याच दिवशी उतरविले आणि दोघींची क्षमा मागितली.

जे चित्र आम्ही निनावी समजत होतो, ते मुलीने पाहताक्षणी ओळखले. डोळ्याच्या जितके जवळ जावे तितका माणूस दृष्टीआड होतो आणि एखादा अनोळखी भूप्रदेश दिसू लागतो. परंतु माणूस तेथेच असतो. कलावंत, डॉक्टर आणि रुग्णालय या तिघांनाही ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ती नीट समजून घ्यावी, या हेतूने आम्ही या विषयाचा थोडा अभ्यास केला. प्रशासनातील आम्ही मंडळी वाणिज्य शाखेची. त्यामुळे लेखातील वैद्यकीय भाग आपल्या नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घेतला आहे.

बारा मिलिमीटरांचा प्रदेश

डोळ्याच्या पांढऱ्या भागात जे रंगीत वर्तुळ दिसते ते बुबुळ. त्याचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढा असतो. त्याच्या मध्यभागी बाहुली असते. बाहुली हे एक छिद्र आहे. आतील अंधारामुळे ते काळे दिसते. प्रखर उजेडात ते सुमारे २ मिलिमीटरपर्यंत आक्रसते आणि अंधारात ८ मिलिमीटरपर्यंत विस्तारू शकते. ही उघडझाप बुबुळातील दोन स्नायू करतात : एक बाहुलीभोवती कड्यासारखा असतो व तिला आवळतो, दुसरा चाकाच्या आऱ्यांसारखा पसरलेला असून तिला ताणून मोठी करतो.

बुबुळाचा पुढील थर तंतूंचा बनलेला असतो. हे तंतू बाहुलीकडून कडेकडे धावतात, मध्येच एकमेकांत गुंततात आणि काही ठिकाणी विरळ होऊन खळगे निर्माण करतात. बाहुलीपासून थोड्या अंतरावर एक नागमोडी, उंचवट्यासारखे वलय असते. कडेजवळ वर्तुळाकार घड्या असतात; बाहुली मोठी होते तेव्हा बुबुळ तेथे चुणते. मोठ्या केलेल्या छायाचित्रात दिसणाऱ्या दऱ्या, कडे आणि नदीपात्रे ती हीच.

रंगाची गोष्ट आणखी विलक्षण आहे. निळ्या डोळ्यांत निळे रंगद्रव्य नसतेच. पुढील थरात तपकिरी द्रव्य, म्हणजे मेलॅनिन, अत्यल्प असले की तेथील तंतूंवरून प्रकाश विखुरतो आणि त्यातील निळा अंश अधिक प्रमाणात परत येतो. आपल्याकडील बहुसंख्य डोळे गडद तपकिरी असतात, कारण त्या थरात मेलॅनिन भरपूर असते. त्यामुळे तंतूंची जाळी झाकली जाते आणि दुरून बुबुळ सपाट, काळे भासते. तेथे नक्षी नसते असे मात्र नाही; ती पाहण्यास वेगळा प्रकाश लागतो.

या सर्वांवर घड्याळाच्या काचेसारखे बसलेले असते ते पारपटल. त्याची मध्यभागी जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. त्यात रक्तवाहिन्या नसतात; प्राणवायू ते मुख्यतः बाहेरील हवेतून घेते. पारपटल व त्यामागील द्रव मिळून भिंगाचे काम करतात. त्यामुळे बाहेरून पाहताना बाहुली आपल्या खऱ्या आकाराहून सुमारे एक-अष्टमांशाने मोठी दिसते. जिवंत माणसाचे बुबुळ आपण नेहमी या भिंगातूनच पाहतो.

असे छायाचित्र कसे घेतात

या कामासाठी वस्तूची प्रतिमा मूळ आकाराएवढी उमटवणारी मॅक्रो लेन्स वापरतात. मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर उंच असते. १२ मिलिमीटरांचे बुबुळ मूळ आकारात उमटले तर चित्राची निम्मी उंची आणि एक-तृतीयांश लांबी व्यापते. संपूर्ण चौकट बुबुळाने भरायची असल्यास याच्या दुप्पट मोठेपणा लागतो.

येथे अडचणी सुरू होतात. इतक्या जवळून चित्र घेताना स्पष्टतेची खोली जेमतेम एक-दोन मिलिमीटर असते. छायाचित्रकार किंवा बसलेली व्यक्ती श्वासागणिक एवढी तरी हलतेच. शिवाय एकटक पाहणारा डोळाही कधी पूर्ण स्थिर नसतो. त्याच्या सूक्ष्म हालचाली अखंड चालू असतात आणि बाहुलीही सतत किंचित लहानमोठी होत असते. म्हणून हनुवटी व कपाळ टेकविण्याची सोय करून अनेक चित्रे घ्यावी लागतात. त्यांतील एखादेच उपयोगी पडते.

दुसरी अडचण प्रतिबिंबाची. पारपटल हा बहिर्वक्र आरसा आहे. खिडकी, दिवा, कॅमेरा आणि त्यामागचा माणूस या साऱ्यांची छोटी प्रतिबिंबे त्यावर पडतात. समोरच्याच्या डोळ्यात आपली इवलीशी आकृती दिसते, हे आपल्या पूर्वजांनी न्याहाळले होते. त्या छिद्रास मराठीने ‘बाहुली’ म्हटले ते यावरूनच, आणि संस्कृतातील ‘कनीनिका’ या शब्दाच्या मुळाशीही लहान मुलीचाच अर्थ आहे. छायाचित्रकारास मात्र ही बाहुली वाटेतून दूर करावी लागते. त्यासाठी तो दिवा समोर न धरता बाजूस ठेवतो. तिरक्या प्रकाशात तंतूंच्या सावल्या पडतात, खळगे खोल दिसतात आणि प्रतिबिंब कडेला सरकते. दिवा सौम्य हवा व थोडाच वेळ हवा. प्रखर प्रकाशझोत जवळून डोळ्यात सोडणे अयोग्य आहे. ज्यांच्या डोळ्यास दुखापत, दाह किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया आहे, त्यांच्यावर असे प्रयोग हौसेने करू नयेत.

कलावंतांनी काय पाहिले

केवळ एका डोळ्याचे चित्र काढण्याची कल्पना कॅमेऱ्याहून जुनी आहे. १७८५ साली इंग्लंडच्या युवराजाने, म्हणजे पुढे राजा चौथा जॉर्ज झालेल्या व्यक्तीने, मारिया फिट्झहर्बर्ट या विधवा स्त्रीस आपल्या एका डोळ्याचे लघुचित्र पाठविले. हा संबंध राजघराण्यास मान्य होणारा नव्हता. त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी गुप्तपणे विवाह केला. पुढे अशी नेत्रचित्रे अंगठ्यांत आणि गळ्यातील पदकांत जडविण्याची रीत तेथील श्रीमंत वर्गात पसरली. त्यामागील युक्ती सोपी होती. परक्याने पाहिले तर तो कोणाचा तरी डोळा. ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी मात्र ते एकाच माणसाचे चित्र. आमच्या भिंतीपुढे उभ्या राहिलेल्या भगिनींना जे झाले, ते याहून निराळे नव्हते.

विसाव्या शतकात कॅमेऱ्याने हा विषय हाती घेतला. अमेरिकेत जन्मलेल्या व पॅरिसमध्ये काम करणाऱ्या मान रे यांचे १९३२ सालचे ‘काचेचे अश्रू’ हे छायाचित्र प्रसिद्ध आहे. वर वळलेली नजर, काजळाने जड झालेल्या पापण्या आणि गालावर काचेचे गोल मणी. पाहणाऱ्याचे मन त्या दुःखाने हेलावते. परंतु अश्रू जसे खोटे तसा तो चेहराही खोटा, दुकानात कपडे मांडण्यासाठी ठेवतात त्या पुतळ्याचा आहे. डोळा पुरेसा जवळून दाखविला की पाहणारा त्यात आपल्या मनाने माणूस घालतो, हे मान रे यांनी ओळखले होते.

याच्या नेमके उलट काम आर्मेनियातील सुरेन मान्वेल्यान यांनी केले. १९७६ साली जन्मलेले मान्वेल्यान हे येरेवान शहरातील भौतिकशास्त्राचे अभ्यासक, शाळेत विद्यार्थ्यांना शिकविणारे शिक्षक आणि छायाचित्रकार. ‘तुमचे सुंदर डोळे’ अशा अर्थाच्या नावाची त्यांची छायाचित्रमालिका २०१० च्या सुमारास जगभर पोहोचली. त्या चित्रांत पापण्या नाहीत, भुवया नाहीत, चेहरा नाही. आहे ते फक्त बुबुळ. मध्ये काळे विवर आणि भोवती वाळूच्या टेकड्या, शेवाळलेले खडक, तडे गेलेली जमीन. ही एखाद्या परग्रहाची चित्रे असावीत, असेच प्रथमदर्शनी वाटते. पुढे त्यांनी प्राण्यांच्या डोळ्यांचीही अशीच मालिका केली. तेथे घोड्याची आडवी बाहुली आणि सरड्याच्या डोळ्याभोवतीचे खवले पाहावयास मिळतात.

मान रे यांच्या चित्रात माणूस नसूनही भासतो. मान्वेल्यान यांच्या चित्रात माणूस असूनही भासत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या चित्राने पाहणाऱ्याचे एक मोठे हित होते. रोज आरशात दिसणारा, चष्म्याच्या नंबरापुरता आठवणारा अवयव किती गुंतागुंतीचा आहे, हे एका क्षणात कळते. धोका आहे तो त्या पलीकडे : परग्रहाच्या चित्राला परवानगी कोणाची घ्यायची, असे वाटू लागते. आमचे तसेच झाले.

डॉक्टरांचा कॅमेरा

वैद्यकास डोळ्याचे सौंदर्य नको असते. त्यास खूण हवी असते. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे दृष्टिपटल प्रथमच नीट दिसू लागले. १८८६ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे जॅकमन आणि वेबस्टर यांनी जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचे छायाचित्र घेतले. त्यासाठी रुग्णास सुमारे अडीच मिनिटे डोळा स्थिर ठेवावा लागला. १९११ साली स्वीडनचे गुलस्ट्रँड यांनी प्रकाशाची अरुंद चीर डोळ्यावर पाडणारा दिवा मांडला. डोळ्यातील प्रकाशाच्या वाटचालीवरील कार्यासाठी त्याच वर्षी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या बाह्यरुग्ण कक्षात हनुवटी टेकवून ज्या यंत्रासमोर आपण बसता, ते याच कुळातील आहे. तिरक्या प्रकाशाचे जे तत्त्व कलावंत वापरतो, तेच येथे निदानासाठी वापरले जाते.

या यंत्रातून काही आजारांच्या खुणा दिसतात. शरीरात तांबे साठत जाणाऱ्या विल्सन रोगात पारपटलाच्या कडेला सोनेरी-तपकिरी कडे दिसू शकते. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी बालकांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग येतात. उतारवयात पारपटलाच्या कडेला करडे वलय येणे हे बहुधा वयाचेच लक्षण असते. तेच वलय तरुणपणी दिसल्यास रक्तातील मेदाची तपासणी करणे इष्ट ठरते.

याच ठिकाणी एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. बुबुळाचे मोठे छायाचित्र काढून, त्याचे घड्याळासारखे विभाग पाडून, मूत्रपिंडापासून पित्ताशयापर्यंत सर्व अवयवांचे रोग सांगणारी एक पद्धत प्रचारात आहे. तिची तपासणी शास्त्रीय रीतीने झालेली आहे. १९७९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १४३ व्यक्तींच्या बुबुळांची छायाचित्रे या पद्धतीच्या तीन जाणकारांना दाखविली. मूत्रपिंडाचा विकार कोणास आहे आणि कोणास नाही, हे त्यांना ओळखता आले नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात पित्ताशयाचा विकार असलेल्या ३९ व नसलेल्या ३९ व्यक्तींची छायाचित्रे पाच जाणकारांना दिली. निष्कर्ष तोच निघाला. डोळ्यात काही रोगांच्या खुणा दिसतात हे खरे. सर्व रोगांचा नकाशा तेथे असतो, हे खरे नाही. अशा चित्रावर विसंबून चालू उपचार थांबवू नयेत, अशी नातेवाइकांस विनंती आहे.

घरच्या छायाचित्रातील पांढरी बाहुली

याउलट, घरच्या साध्या छायाचित्रात दिसणारी एक खूण प्रत्येक पालकाने ओळखावी अशी आहे. मंद उजेडात फ्लॅशने काढलेल्या चित्रात बाहुल्या लाल दिसतात. फ्लॅशचा प्रकाश उघड्या बाहुलीतून आत जाऊन रक्ताने समृद्ध असलेल्या मागील पडद्यावरून परततो, म्हणून हा लाल रंग. परंतु एका डोळ्यात लाल आणि दुसऱ्यात पांढरट अथवा पिवळट चमक दिसत असेल, किंवा दोहोंतही पांढरी दिसत असेल, तर ती दुर्लक्ष करण्याजोगी गोष्ट नव्हे.

कित्येकदा ही चमक फ्लॅशच्या कोनामुळे येते व निरुपद्रवी ठरते. पण तिच्यामागे लहान मुलांतील मोतीबिंदू असू शकतो, दृष्टिपटलाचे विकार असू शकतात आणि क्वचित रेटिनोब्लास्टोमा नावाचा डोळ्याचा कर्करोगही असू शकतो. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांस होतो. वेळीच लक्षात आला तर मुलाचा जीव वाचविता येतो, आणि पुष्कळदा डोळा व दृष्टीही. अमेरिकेतील बेलर विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक ब्रायन शॉ यांच्या मुलास तान्हेपणी हा आजार झाला. निदानानंतर त्यांनी घरातील जुनी छायाचित्रे चाळली, तेव्हा पांढरी बाहुली त्यांत आधीपासूनच होती. त्यांनी सहकाऱ्यांसह अशी चमक शोधणारी संगणकीय पद्धत तयार केली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नेत्रविकार असलेल्या २० मुलांपैकी १६ मुलांच्या, निदानापूर्वी काढलेल्या घरगुती छायाचित्रांत या पद्धतीने ती चमक शोधून दाखविली. सरासरीने ती निदानाच्या १.३ वर्षे आधीची होती.

येथे कला नाही की मोठे यंत्र नाही. बारशाचे, वाढदिवसाचे, आजीच्या मांडीवरचे चित्र आहे. आपल्या घरातील बालकांच्या छायाचित्रांकडे एकदा या नजरेने पाहावे. शंका वाटल्यास चित्र घेऊन नेत्रतज्ज्ञांकडे यावे. ‘उगाच आलात’ असे आपल्या रुग्णालयात कोणी म्हणणार नाही.

डोळा निनावी नसतो

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चेहरा नसलेले, नाव नसलेले बुबुळाचे चित्र कोणाचे आहे हे ओळखता येते काय?

डिसेंबर १९८४ मध्ये पाकिस्तानातील पेशावरजवळच्या नासिर बाग या निर्वासितांच्या छावणीत अमेरिकी छायाचित्रकार स्टीव्ह मॅक्करी यांनी एका अफगाण मुलीचे छायाचित्र घेतले. तिच्या हिरव्या डोळ्यांमुळे ते चित्र जून १९८५ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर आले आणि जगप्रसिद्ध झाले. मुलीचे नाव मात्र कोणास ठाऊक नव्हते. २००२ साली तिचा शोध लागला. ती तीच स्त्री आहे काय, हे ठरविण्यासाठी केंब्रिज विद्यापीठातील जॉन डॉगमन यांनी जुन्या व नव्या छायाचित्रांतील बुबुळांची नक्षी आपल्या गणिती पद्धतीने ताडून पाहिली. दोन्ही डोळे जुळले. मधल्या काळात चेहऱ्यावर आयुष्याने पुष्कळ लिहिले होते. बुबुळाची नक्षी तशीच होती. त्या स्त्रीचे, शरबत गुला यांचे, ते चित्र तोवर जगातील असंख्य घरांत पोहोचलेले होते. त्यांनी स्वतः ते प्रथम पाहिले २००२ साली. या वस्तुस्थितीने आम्हांस अंतर्मुख केले.

डॉगमन यांच्या या पद्धतीचा पाया असा की, बुबुळाच्या तंतूंची मांडणी प्रत्येक डोळ्यात वेगळी असते. जुळ्या भावंडांत ती निरनिराळी असते. एवढेच नव्हे, एकाच माणसाचा उजवा व डावा डोळाही सारखा नसतो. आपल्या महाराष्ट्राशी या गोष्टीचे नाते आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधार नोंदणीच्या वेळी बोटांच्या ठशांबरोबर दोन्ही बुबुळांचे चित्र घेतले जाते. ते अवरक्त प्रकाशात घेतात. मेलॅनिन दृश्य प्रकाश शोषते, पण अवरक्त प्रकाशास फारसे अडवीत नाही. त्यामुळे आपले गडद डोळे, जे दुरून सपाट काळे भासतात, त्यांतील सारी नक्षी त्या चित्रात उघडी होते.

तात्पर्य, बुबुळाचे स्पष्ट, मोठे छायाचित्र म्हणजे निव्वळ भिंतीची शोभा नव्हे. मुलीला ते तिळावरून ओळखू येते आणि यंत्राला तंतूंवरून. त्याकडे स्वाक्षरीच्या नमुन्याकडे पाहावे तितक्याच जबाबदारीने पाहिले पाहिजे.

आम्ही काय ठरविले

वरील प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाच्या अनुमतीने रुग्णालयाने छायाचित्रांसाठी स्वतंत्र संमतिपत्र सुरू केले आहे. त्यात तीन उद्देश वेगवेगळे विचारले जातात : उपचारासाठी, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी आणि प्रदर्शन वा प्रसिद्धीसाठी. प्रत्येकापुढे स्वतंत्र सही अथवा अंगठा घेतला जातो. एकास होकार म्हणजे तिन्हींस होकार नव्हे. तिसऱ्या उद्देशासाठी मोठे केलेले चित्र रुग्णास किंवा नातेवाइकांस प्रत्यक्ष दाखविल्यावाचून ते कोठेही लावले अथवा छापले जात नाही. संमतिपत्र वाचून दाखविणारी व्यक्ती शस्त्रक्रिया करणाऱ्या चमूतील नसते. संमती केव्हाही मागे घेता येते आणि नकाराचा उपचारावर वा सवलतीवर परिणाम होत नाही, हे ठळक अक्षरांत लिहिले आहे. बुबुळाची मूळ डिजिटल चित्रे बाहेरील कोणास दिली जात नाहीत.

२०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती ही मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट हेतूपुरती, पूर्ण माहितीनंतरची आणि निःसंदिग्ध असावी, असे म्हटले आहे. परंतु आम्ही हे पाऊल केवळ कायद्यासाठी उचललेले नाही. धर्मादाय रुग्णालयात येणारा रुग्ण बहुधा ‘नाही’ म्हणण्यास कचरतो. मोफत उपचार घेणाऱ्याने चित्रालाही होकार द्यावा, असे त्यास कोणी न सांगताच वाटते. ते ओझे उतरविणे हे देणाऱ्याचे काम आहे, घेणाऱ्याचे नव्हे. आपल्या देणगीचे फलित छायाचित्रांतून दिसावे, ही देणगीदारांची अपेक्षा स्वाभाविक आहे. यापुढे अहवालात अशी चित्रे कमी दिसली तर त्याचे कारण हे आहे, आणि आपण ते समजून घ्याल असा विश्वास वाटतो.

छायाचित्रात जे दिसत नाही

शेवटी एका गैरसमजाविषयी. नेत्रदानाच्या वेळी अनेक कुटुंबे विचारतात, ‘वडिलांचे डोळे दुसऱ्या कोणास बसविले तर ते आम्हांस ओळखू येतील काय?’ उत्तर आहे, नाही. दृष्टीसाठी प्रत्यारोपण होते ते फक्त पारपटलाचे. संपूर्ण डोळा बसवून दृष्टी देणे वैद्यकशास्त्रास अद्याप साधलेले नाही. बुबुळ, त्याचा रंग, त्याची नक्षी, ज्यावरून मुलीने आईस ओळखले तो तीळ, हे काहीही दुसऱ्याकडे जात नाही. जाते ती अर्ध्या मिलिमीटरची पारदर्शक चकती, जी चांगल्या छायाचित्रात दिसतच नाही. डिसेंबर १९०५ मध्ये मोराव्हियातील ओलोमोत्स येथे डॉ. एडुआर्ड झिर्म यांनी पारपटलाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले. तेव्हापासून आजतागायत असंख्य माणसे दुसऱ्याच्या पारपटलातून, पण स्वतःच्याच डोळ्यांनी पाहत आली आहेत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत पारपटल काढून घेणे इष्ट असते. चष्मा असणे अथवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असणे यांमुळे नेत्रदानास सहसा बाध येत नाही.

त्या तिसऱ्या चित्राचे पुढे काय झाले, हे सांगून लेख पुरा करतो. आईंनी ते पाहण्याची इच्छा व्यक्त केली. शस्त्रक्रियेनंतर स्वच्छ दिसू लागलेल्या डोळ्याने त्यांनी त्याकडे बराच वेळ पाहिले आणि मुलीस म्हणाल्या, “एवढं सगळं आहे होय माझ्या डोळ्यात?” चित्र पुन्हा लावावे काय, असे आम्ही विचारले. “इथं नको. घरी नेते,” असे त्यांनी सांगितले. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली ती चौकट मुलीने काखेत धरली आणि दोघी एसटी स्थानकाकडे गेल्या. उरलेल्या पाच चित्रांच्या धन्यांचा शोध घेऊन त्यांना विचारण्यात येत आहे. तोवर ती चित्रे कार्यालयातील कपाटात ठेवली आहेत.

छायाचित्रे देणाऱ्या हितचिंतकांनी नवे संमतिपत्र तयार करण्यास स्वतः साहाय्य केले, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. त्या दोन भगिनींचे ऋण त्याहून मोठे आहे.